ठासणीच्या बंदुकीसाठी घेतलेला पितळी गज : एका पावसाळ्याच्या वापरानंतर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरातून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतून, रानडुकरे आणि माकडे हुसकावण्यासाठी आजोबांच्या वेळची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक आम्ही अजून वापरतो. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे आणि आमचा परवानाही त्याच कारणासाठी आहे. गोळी न घालता केवळ दारू आणि ती दाबून ठेवणारा बोळा ठासून आम्ही आवाज काढतो; तरीही दोन बारांच्या मधली सफाई टाळता येत नाही, आणि त्यासाठीच मी हा तीन तुकड्यांचा पितळी गज (नळी पुसायची आणि दारू ठासायची सळई) साडेआठशे रुपयांना घेतला.

काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते, आणि ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घनरूपात मागे राहते. ही काजळी हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे आषाढात आमच्याकडे ती घटकाभरात चिकट मळी होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, बोळ्याचा एखादा धुमसता तुकडा नळीच्या बुडाशी राहिला आणि त्यावर नवी दारू पडली, तर बार भरणाऱ्याच्या हातातच उडू शकतो. म्हणून आधी पाण्याने ओलसर केलेली चिंधी, मग कोरडी चिंधी, आणि त्यानंतरच मापाने मोजलेली दारू, हा क्रम मी कधीही मोडत नाही. दारूची कुपी थेट नळीच्या तोंडाशी नेत नाही आणि दारू पेटवणारी टोपी सर्वांत शेवटी बसवतो.

जुन्या लोखंडी गजाची चिंधी एकदा बुडाशीच अडकून राहिली होती आणि ती काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. या गजाच्या टोकावरच्या बोंडाला आडव्या खाचा असल्यामुळे चिंधी आत जाताना पसरते आणि बाहेर येताना मुडपून खाचांत घट्ट बसते; पहिल्या ओढीतच ती काळीकुट्ट होऊन बाहेर येते. पितळ मऊ असल्याने नळीला ओरखडेही पडत नाहीत.

बोंड मात्र आमच्या नळीला किंचित जाड होते. घट्ट चिंधी काजळी पुसण्याऐवजी खाली ढकलत होती, निपलचे (टोपी जिच्यावर बसते त्या छोट्या नळीचे) भोक बुजत होते आणि दोनदा टोपी फुटूनही बार उडाला नाही. तशा वेळी नळी मोकळ्या रानाकडे धरून मिनिटभर तसेच थांबावे, वाकून पाहू नये. कानशीने बोंड थोडे उतरवल्यावर आणि चिंधी पुरती पिळून घेऊ लागल्यावर ही अडचण संपली. तुकडे जोडणारे आटे दर खेपेला तपासावे लागतात, कारण ते ढिले होतात.

दारू व बोळा किती खोल बसले हे दाखवणारी खूण गजावर नाही, ही या गजातली खरी उणीव आहे. मी रिकाम्या नळीत गज बुडापर्यंत घालून एक रेघ कोरली आणि नेहमीची दारू व बोळा ठासल्यावर दुसरी. आता बोळा दारूवर टेकला आहे की मध्ये पोकळी राहिली आहे, हे विजेरीच्या उजेडातही कळते.