फुफ्फुसाची रक्तवाहिनी तुंबलीय, पण गुठळी नाही: सार्कोमा की पीटीटीएम?
कॅन्सर पेशंटच्या फुफ्फुसात रक्तवाहिनी तुंबली की बहुतेकदा रक्ताची गुठळीच निघते, पण सार्कोमा (एक प्रकारचा कॅन्सर) आणि पीटीटीएम (पल्मनरी ट्यूमर थ्रॉम्बॉटिक मायक्रोअँजिओपॅथी, म्हणजे कॅन्सरच्या पेशींमुळे फुफ्फुसातल्या बारीक धमन्या तुंबणं) ही दोन कारणं वेगळीच आहेत. पल्मनरी आर्टरी सार्कोमा मोठ्या धमनीच्या भिंतीतूनच उगवतो, सीटीवर हुबेहूब गुठळीसारखा दिसतो, मग रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू राहतात आणि ती 'गुठळी' काही विरघळत नाही, उलट वाढते, अशा वेळी पेट (PET) स्कॅनचा, म्हणजे कॅन्सर शोधणाऱ्या तपासणीचा, विचार व्हायलाच हवा हो. पीटीटीएमचं उलटं, १९९० मध्ये त्याला हे नाव मिळालं, बऱ्याचदा जठराच्या कॅन्सरच्या पेशी अगदी बारीक धमन्यांत अडकतात, आतलं अस्तर जाड होत जातं, सीटीत बहुधा गुठळी दिसत नाही आणि दम मात्र झपाट्याने वाढतो. सार्कोमात ऑपरेशनची संधी तरी असते, पीटीटीएम कितीदा पोस्टमॉर्टेमलाच कळतो, मला तोच जास्त भयंकर वाटतो.