लिनक्स मिंट २२ : जुन्या लॅपटॉपवर टाकून पाच महिने झाले

बाबांचा लॅपटॉप पाचव्या जनरेशनचा आय थ्री, रॅम ४ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ त्याच्यावर रीतसर बसत नाही, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. नवीन घेऊया म्हटलं तर बाबा ऐकेनात, मशीन बरं आहे म्हणे. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट, म्हणजे फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, टाकायचं ठरवलं.

मी आधीपासून घाबरून होते, कारण तीन वर्षांमागे फोंड्यातल्या एका दुकानात विंडोज परत टाकायला दिला तेव्हा त्यांनी न विचारता डी ड्राइव्हसकट सगळं फॉरमॅट मारलं आणि आठ वर्षांच्या चवथीचे माटोळीचे (गणपतीच्या वर फळं, भाज्या, पानं टांगून करतात ती सजावट) फोटो गेले. आजी स्वतः माटोळी बांधायची ते फोटो त्यात होते, आता आजी नाही. अजून वाईट वाटतं.

म्हणून मिंटची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हात न लावता. रुफस नावाच्या प्रोग्रामने मिंटचा पेनड्राइव्ह बनवला (त्यातलं सगळं पुसलं जातं हां, रिकामाच घ्या), वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर एकेक तपासलं आणि मगच इन्स्टॉल. त्याच्या आधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला, दुसऱ्या मशीनवर लावून फायली खरंच उघडतात का ते बघितलं आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवली. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' (सगळी डिस्क पुसा) निवडून शेवटचं 'कंटिन्यू' दाबायच्या आधी दोनदा वाचा, तिथून मागे येता येत नाही. आणि पावसात करत असाल तर इन्व्हर्टर बघून घ्या, आमच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, मधेच लाईट गेली असती तर सगळं अर्धवट राहिलं असतं.

आता चालू व्हायला वेळ लागत नाही, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस आधीच असतात, २०२९ पर्यंत अपडेट येणार. बाबांना दोन दिवसांत सवय झाली.

एकच मोठी अडचण, श्रीलिपी, म्हणजे मराठी टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचा फॉन्ट. भजनी मंडळाची जुनी पत्रं त्यात टाइप केलेली, ती मिंटमध्ये उघडली की नुसती अगम्य अक्षरं दिसतात कारण तो जुना फॉन्ट युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारी अक्षरांची पद्धत) नाही. तुमचं असं काही काम असेल तर विंडोजवर असतानाच त्या फायली युनिकोडमध्ये करून घ्या, निदान पीडीएफ तरी काढून ठेवा. आम्ही ते केलं नाही आणि आता मी एकेक पत्र परत टाइप करतेय.