व्यावसायिक फुटबॉल स्टेडियमसाठी कृत्रिम टर्फ, गवत की हायब्रिड? तिन्ही पर्यायांचं परीक्षण

कृत्रिम टर्फ विकणारे सगळ्यात आधी तासांचा हिशेब मांडतात. गवताच्या चांगल्या मैदानावरही आठवड्याला पाच-सहा तासांच्या वर खेळवलं की गोलसमोरची जागा उघडी पडायला लागते. टर्फवर चाळीस तास खेळवलं तरी चालतं. हिशेब खरा आहे. पण व्यावसायिक क्लबच्या मुख्य स्टेडियमवर हंगामात पंचवीस-तीस सामने होतात आणि सराव दुसऱ्या मैदानावर चालतो. म्हणजे टर्फचा सगळ्यात मोठा गुण इथे कामालाच येत नाही, दोष मात्र प्रत्येक सामन्यात भोगावे लागतात. म्हणून आमचं मत आधीच सांगून टाकतो: मुख्य स्टेडियमला हायब्रिड, म्हणजे प्लास्टिकचे धागे मिसळलेलं खरं गवत, घ्यावं, तेही गवतासाठी उजेडाची सोय आधी करून. टर्फ सरावाच्या आणि सर्वांसाठी खुल्या मैदानांना शोभतं. याला अपवाद आहेत, ते पुढे येतील.

कृत्रिम टर्फ

आजच्या टर्फची तुलना लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने 1981 साली लॉफ्टस रोडवर घातलेल्या गालिच्याशी करणं अन्यायाचं होईल. तो गालिचा कडक होता, चेंडू भलताच उसळायचा, घसरून टॅकल केलं की कातडी सोलून निघायची. 1988 मध्ये क्लबने तो काढून टाकला. आताचं टर्फ थरांनी बनतं. तळाला दाबून बसवलेली खडी किंवा सच्छिद्र डांबर, त्यावर 10 ते 25 मिलिमीटर जाडीची धक्का शोषणारी गादी, तिच्यावर पॉलिथिलीनच्या 40 ते 60 मिलिमीटर उंच पात्यांचा गालिचा. पात्यांच्या बुडाशी गालिचा जागचा हलू नये म्हणून वाळू, आणि वाळूवर इन्फिल, म्हणजे रबराचा भुगा, कॉर्क किंवा प्लास्टिकचे दाणे.

पैसे वाचवताना पहिली गदा गादीवर येते. गादी नसली की धक्का शोषायचं सगळं काम इन्फिलवर पडतं, आणि इन्फिल कधी एका जागी राहत नाही. पेनल्टी स्पॉटजवळ गुडघे टेकून पाहिलं तर हे लगेच दिसतं: स्पॉटच्या मागे पाय रोवायच्या जागी खळगा, त्याच्या कडेला काळ्या दाण्यांची रांग, आणि मधली पाती आडवी झोपलेली. एकदा पातं असं झोपलं आणि त्यावरून स्टड, म्हणजे बुटांच्या तळाचे खुंट, फिरले की टोक चिरतं, त्याचे केसासारखे धागे होतात, आणि मग कितीही ब्रश मारला तरी ते उभं राहत नाही. उपाय साधा आहे, पण सामन्यागणिक करावा लागतो. इन्फिलची खोली सुईच्या मापकाने मोजायची, पेनल्टी स्पॉट, कॉर्नर आणि गोलरेषेजवळ हाताने भर घालायची, मग आठवड्यातून किमान एकदा आलटूनपालटून उलटसुलट दिशेने ब्रश ओढायचा. वर्षातून एकदा तरी इन्फिल वरच्या वर उकरून मोकळं करावं लागतं, नाहीतर ते दबून घट्ट होतं आणि निचराही मंदावतो. देखभाल लागत नाही असं सांगून टर्फ विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी कमजोर जागा सांध्यांची. गालिचा साधारण 4 मीटर रुंदीच्या रोलमधून येतो, त्यामुळे 105 बाय 68 मीटरच्या मैदानाला, बाहेरची पट्टी धरून, पंचवीस-तीस सांधे पडतात. ते दमट हवेत किंवा ओल्या पायावर चिकटवले तर गोंद धरत नाही. मध्यवर्तुळ आणि पेनल्टी क्षेत्राबाहेरची कमान या रेषा गालिचा कापून, पांढरी पट्टी बसवून करतात. वळणावरचे हे सांधे सगळ्यात आधी उकलतात. काम ताब्यात घेताना सरळ रेषा सोडून आधी ही वळणं बोटांनी उचकून पाहावीत.

प्रमाणपत्राबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. फिफाचे दोन दर्जे आहेत, क्वालिटी आणि क्वालिटी प्रो. प्रो म्हणजे जास्त टिकाऊ असं खरेदीदार धरून चालतात. प्रत्यक्षात प्रो हा दर्जा खेळ किती गवतासारखा होतो यावर बेतलेला आहे: 2 मीटरवरून सोडलेला चेंडू 60 ते 85 सेंटिमीटर उसळला पाहिजे, आणि 1 मीटर उंच उतरणीवरून सोडलेला चेंडू 4 ते 8 मीटर गेला पाहिजे. प्रयोगशाळेत झीज करून पाहण्याची चाचणी क्वालिटी दर्जासाठी जास्त कडक असते, कारण ते टर्फ दिवसभर वापरायच्या मैदानांसाठी आहे. शाळा-क्लब मिळून दिवसभर खेळवायचं मैदान असेल तर क्वालिटी हाच योग्य दर्जा. प्रोचं प्रमाणपत्र दरवर्षी जागेवर चाचणी करून नव्याने मिळवावं लागतं, हा खर्च अंदाजपत्रकात धरलेला असावा.

उन्हाबद्दल स्पष्टच बोललं पाहिजे. गवत पानांतून पाणी बाहेर टाकतं, म्हणून हवेच्या तापमानाच्या आसपास राहतं. काळ्या रबराच्या भुग्याचं टर्फ कडक उन्हात 60 अंश सेल्सियसच्या वर सहज जातं. पाणी मारलं की तापमान झपाट्याने उतरतं, पण पाणी उडालं की तसंच वर चढतं. दुपारच्या सामन्यात मध्यंतरात पाणी मारणं दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीपुरतंच उपयोगी पडतं. फिकट रंगाच्या इन्फिलने थोडा फरक पडतो. कॉर्क बराच थंड राहतो, पण मुसळधार पावसात तरंगून कडेला जमा होतो, आणि ओला कॉर्क थंडीत गोठला की मैदान दगडासारखं होतं. इन्फिलचा प्रत्येक पर्याय कुठल्या तरी हवामानात नापास होतो, तेव्हा आपलं हवामान आधी पाहावं.

दुखापतींबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. युरोपातल्या वरच्या दर्जाच्या क्लबांचा 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहिला तर एकूण दुखापतींचा धोका टर्फवर जास्त आढळला नाही, पण घोटा मुरगळण्याचं प्रमाण मात्र जास्त आढळलं. कारण समजण्यासारखं आहे. गवतावर पाय वळताना जोर फार झाला की ढेकूळ उखडतं आणि पाय सुटतो. गालिचा उखडत नाही. तो जोर घोट्याने आणि गुडघ्याने पेलायचा. म्हणून टर्फवर लांब स्टडचे, गवतासाठीचे बूट घालू देऊ नयेत. टर्फसाठीच्या बुटांना आखूड आणि संख्येने जास्त स्टड असतात, पकड वाटली जाते आणि पाय अडकत नाही.

आता नियम. खेळाच्या नियमावलीतला पहिलाच नियम गवत, स्पर्धेने परवानगी दिल्यास पूर्ण कृत्रिम, किंवा दोन्हींचा मिलाफ, असे तिन्ही पृष्ठभाग मान्य करतो. कृत्रिम असेल तर रंग हिरवाच हवा. पण स्पर्धांची परवानगी आकसत चालली आहे. इंग्लंडच्या वरच्या चार विभागांत टर्फ चालत नाही. हॅरोगेट टाउन आणि सटन युनायटेड हे क्लब खालून या विभागांत चढले तेव्हा त्यांना चांगलं टर्फ उखडून गवत लावावं लागलं. नेदरलँड्सच्या एरेडिव्हिसी या अव्वल साखळीने 2025-26 च्या हंगामापासून ते बंद केलं, स्कॉटलंडच्या प्रीमियरशिपने 2026-27 पासून बंद करायचं ठरवलं. 2015 चा महिला विश्वचषक कॅनडात पूर्णपणे टर्फवर झाला, खेळाडूंनी त्याविरुद्ध कायदेशीर तक्रारही केली होती. 2026 च्या पुरुषांच्या विश्वचषकासाठी मात्र एरवी टर्फ असलेल्या स्टेडियमांनाही गवत घालायला लावलं गेलं. त्यात भर म्हणून युरोपीय संघाने 2023 मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यानुसार दाणेदार प्लास्टिक-रबर इन्फिलची विक्री 8 वर्षांच्या मुदतीनंतर बंद होईल. टर्फचं आयुष्य साधारण 8 ते 12 वर्षं. म्हणजे आज घातलेल्या रबरी मैदानाला शेवटच्या वर्षांत भर घालायची वेळ येईल तेव्हा युरोपीय संघात ते दाणे बाजारात मिळणारच नाहीत. गादी नसलेल्या जुन्या मैदानात हा भुगा शंभर टनांच्या घरात असतो. तो काढून टाकायचा खर्च कोण करणार हे करारात लिहून घ्यावं.

अपवाद कुठे? उत्तर नॉर्वेत, जिथे ऐन हिवाळ्यात सूर्य जेमतेम दिसतो किंवा दिसतच नाही. आर्क्टिक वृत्ताच्या वर असलेला बोडो/ग्लिम्ट हा क्लब टर्फवर खेळून युरोपीय स्पर्धांत पुढे गेला, आणि तिथे गवताचा आग्रह धरणं अव्यवहारी आहे. ज्या क्लबला एकाच मैदानावर सामने, सराव आणि मुलांची शिबिरं घ्यावी लागतात, त्यालाही टर्फ परवडतं.

नैसर्गिक गवत

चांगल्या मैदानाची खरी किंमत गवताखाली असते. 25 ते 30 सेंटिमीटर जाडीचा वाळूप्रधान थर, त्याखाली 10 सेंटिमीटर बारीक खडी, आणि खडीत निचऱ्याचे पाइप. वाळूचे बहुतेक कण पाव ते एक मिलिमीटरचे हवेत. माती घातली तर खेळाडूंच्या पायांखाली ती दबते, हवा निघून जाते, मुळं वरच्या वर राहतात, आणि पावसात चिखल होतो. वाळू दबत नाही, पण तिच्यात खत टिकत नाही. म्हणून नत्र थोडं थोडं, वारंवार द्यावं लागतं.

गवताची जात हवामानावर ठरते. थंड प्रदेशात रायग्रास आणि केंटकी ब्लूग्रास, उष्ण प्रदेशात हरळीच्या सुधारित जाती किंवा पास्पालम. हरळी उन्हात जखम लवकर भरून काढते, पण सावली तिला अजिबात सोसत नाही, आणि थंडीत ती पिवळी पडून झोपते. तेव्हा वरून रायग्रास पेरतात. कापणीची उंची साधारण 25 मिलिमीटर, आणि एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही.

गवताचा खरा शत्रू स्टेडियमचं छप्पर. मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर 1990 च्या विश्वचषकासाठी तिसरा मजला आणि छप्पर चढलं, आणि त्यानंतर तिथलं गवत वर्षानुवर्षं रडत राहिलं. उंच स्टँड ऊन अडवतात आणि वाराही. ऊन नाही म्हणून गवत विरळ, वारा नाही म्हणून पानं सकाळी उशिरापर्यंत ओली, आणि ओल्या पानांवर बुरशी. रायग्रासला उष्ण-दमट हवेत लागणारा करपा काही दिवसांत सबंध मैदान घालवू शकतो. म्हणून फिरत्या दिव्यांचे सांगाडे आणि मोठे पंखे ही गरजेची यंत्रं झाली आहेत. सोडियम दिवे उजेडाबरोबर उष्णताही देतात; एलईडीला वीज कमी लागते, पण थंड प्रदेशात त्यांच्याबरोबर जमिनीखालचे गरम पाण्याचे पाइप किंवा वेगळी उष्णता लागते, नाहीतर पानाला उजेड मिळतो आणि मुळं गारठलेली राहतात.

तयार गवताचे रोल आयत्या वेळी अंथरण्याबद्दल आमचं मत कडक आहे. 4 सेंटिमीटर जाडीचा रोल आपल्या वजनावर बसतो आणि लगेच खेळता येतं. पातळ रोलला मुळं धरायला काही आठवडे द्यावेच लागतात. रोलची माती खालच्या वाळूपेक्षा बारीक असली तर पाणी दोन थरांच्या मध्येच अडतं आणि मुळं खाली उतरत नाहीत. 2024 च्या कोपा अमेरिका या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत अटलांटाच्या स्टेडियममधल्या टर्फवर तात्पुरतं गवत अंथरून पहिला सामना खेळवला, आणि जिंकूनही अर्जेंटिनाचे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी यांनी मैदानावर उघड नाराजी व्यक्त केली. याउलट 1994 मध्ये अमेरिकेतल्या पॉन्टियॅकच्या सिल्व्हरडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये षटकोनी साच्यांत बाहेर आधीच वाढवलेलं गवत आत आणून बसवलं, आणि विश्वचषकाचे सामने नीट पार पडले. तिथे गवताला आधी वेळ दिला होता.

हायब्रिड

ग्रासमास्टर, सिसग्रास यांसारख्या पद्धतींत यंत्राने वाळूच्या थरात प्लास्टिकचे धागे शिवतात: दर 2 सेंटिमीटरवर एक टाका, साधारण 18 सेंटिमीटर खोल, वर 2 सेंटिमीटर. पूर्ण मैदानात सुमारे 2 कोटी धागे बसतात, तरी पृष्ठभागावर प्लास्टिकचा वाटा पाच टक्क्यांच्या आत राहतो. मुळं धाग्यांना वेटोळे घालतात, त्यामुळे टॅकलमध्ये वाळू सरकत नाही आणि ढेकूळ छोटं निघतं. लंडनच्या वेम्बली स्टेडियमचं मैदान पुन्हा पुन्हा बदलावं लागत होतं. 2010 मध्ये तिथे हायब्रिड आलं आणि तो त्रास आटोक्यात आला. सान सिरोनेही 2012 मध्ये हाच मार्ग धरला. शिवणीऐवजी धाग्यांचा गालिचा अंथरून त्यात गवत वाढवायचा प्रकारही आहे. तो लवकर बसतो आणि उचलता येतो, पण त्याला खोल भोकं पाडून हवा देता येत नाही. दीर्घकाळासाठी आम्ही शिवलेलाच घेऊ.

हायब्रिड बिघडतं ते बहुतेक वेळा नूतनीकरणात. हंगाम संपला की वरचं जुनं गवत आणि साचलेला सेंद्रिय थर यंत्राने खरवडून काढायचा असतो, धागे तसेच ठेवून. हे टाळून दरवर्षी नुसती वाळू पसरली तर मैदान मिलिमीटर-मिलिमीटरने वर चढतं, आणि काही हंगामांत धाग्यांची टोकं गाडली जातात. मग वरचा थर साध्या वाळूचाच राहतो आणि पैसे वाया जातात. खरवडताना यंत्र फार खोल गेलं तर धागे कापले जातात. शिवलेलं मैदान कडकही होत जातं, म्हणून पातळ, भरीव सुयांनी नियमित भोकं पाडावीत आणि क्लेग हॅमरने, म्हणजे वजन पाडून मापणाऱ्या उपकरणाने, कडकपणा मोजत राहावा. दिव्यांचा खर्च टाळण्यासाठी कुणी हायब्रिड घेत असेल तर घेऊ नये: गवत मेलं की उरते कडक वाळू आणि तिच्यातून डोकावणारे हिरवे धागे.

सरकतं मैदान हा या साऱ्यातला सगळ्यात महागडा पर्याय. टॉटनहॅमच्या स्टेडियममध्ये गवताचं मैदान तीन भागांत सरकून बाजूला जातं आणि खाली अमेरिकन फुटबॉलचं टर्फ उघडं होतं. रेआल माद्रिदच्या बर्नाबेऊमध्ये गवताच्या पट्ट्या जमिनीखालच्या दालनात उतरतात, तिथे त्यांना दिवे आणि पाणी मिळतं. मैफली आणि इतर खेळांतून कमाई होणार असेल तरच हा खर्च निघतो.

कोणताही पर्याय ताब्यात घेताना चाचणी मध्यवर्तुळात करून दाखवली तर ती मान्य करू नये. सगळ्यात जास्त सावलीतला गोल निवडावा, त्याच्या समोरच्या सहा यार्डांत कडकपणा, निचरा आणि चेंडूची उसळी मोजून घ्यावी, आणि हेच आकडे हंगामाच्या सर्वांत वाईट महिन्यात पुन्हा मोजायची अट करारात घालावी.