नेचा लावायचा की जिवाणूंना मळी पाजायची?

जड धातूंनी बाटलेली जागा सजीवांकरवी साफ करता येते म्हटलं की लोकांना वाटतं, ते धातू खाऊन टाकतात. तेल सडतं, मैला सडतो; शिसं सडत नाही. ते जागा बदलतं, नाहीतर रूप. म्हणून मी आधी एवढंच विचारतो: शेवटी हा धातू कुठे जाऊन बसणार?

वनस्पती तो उपसून वर आणतात. जुन्या चुन्याच्या भिंतीच्या फटीत उगवणारा लांब पात्यांचा नेचा तुम्ही पाहिला असेल, टेरिस व्हिटाटा. लाकूड टिकवायच्या रसायनांनी बाटलेल्या फ्लोरिडातल्या जागेवर तो खुशाल वाढत होता. त्याच्या सुक्या पानांत किलोमागे २२ ग्रॅमपर्यंत आर्सेनिक साठू शकतं, असं २००१ साली प्रसिद्ध झालं. आकडा भारी आहे, पण तो प्रयोगातल्या कुंडीचा. शेताचा हिशेब वेगळा. एकरभर जमिनीची वीतभर माती साधारण १,००० टन. त्यातून किलोमागे ५० मिलिग्रॅम धातू कमी करायचा म्हणजे ५० किलो काढायचा. पीक वर्षाला २ टन सुकं आलं आणि किलोमागे १ ग्रॅम धातू उचलला, तर वर्षाला २ किलो. पंचवीस वर्षं! शिवाय तो पाला गुरांना चालत नाही, खतालाही नाही. पाण्यातला धातू शोषणाऱ्या जलपर्णीचंही तेच: उपसून काठावर सडू दिली की धातू पुन्हा नदीत.

शिशासाठी मोहरी सुचवतात. पण शिसं मातीला चिकटून बसतं. सुटावं म्हणून ईडीटीए, म्हणजे धातू पकडून विरघळता ठेवणारं रसायन, ओतलं, तर सुटलेलं शिसं विहिरीकडेही जातं. मी नाही करणार.

जिवाणूंचा खरा उपयोग पाण्यात. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या पाण्यातलं पिवळं, विषारी सहा-संयुजी क्रोमियम ते कमी विषारी तीन-संयुजी रूपात आणतात आणि ते हिरवट गाळ होऊन खाली बसतं. खाद्य म्हणून मळी चालते, आणि साखर कारखान्यांच्या मुलखात तिला तोटा नाही. मेख अशी की तो गाळ जमिनीतच ठेवला आणि मातीत मँगनीजची ऑक्साइडं असली, तर क्रोमियम पुन्हा विषारी रूपात जाऊ शकतं. टाकीत प्रक्रिया केली तर गाळ निदान हातात राहतो. नेदरलँड्समधल्या बुडेलच्या जस्त कारखान्यात १९९२पासून जिवाणूंनी तयार केलेल्या सल्फाइडने जस्त खाली बसवतात, आणि तो गाळ परत त्याच कारखान्यात वापरतात. धातूला इतका नीट पत्ता क्वचितच मिळतो.

तेव्हा पाणी असेल तर जिवाणू. माती वरवर आणि थोडीच बाटलेली, जमीन पडीक, घाई नाही, तर नेचा, तोही आर्सेनिकसाठीच. प्लेटिंगच्या टाकीखालची पिवळी पडलेली माती मात्र सरळ उकरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवा.