कुरळ्या केसांची निगा: नऊ महिन्यांनंतर काय टिकलं, काय सुटलं

आधी केसांची ओळख करून देते, म्हणजे माझा अनुभव तुमच्या डोक्याला कितपत लागू पडेल ते कळेल. कपाळाशी माझे केस पेन्सिलीभोवती गुंडाळल्यासारखे वळतात. मानेपाशी मात्र वळी इतकी बारीक आहे की ओली बट ओढली तर खांद्याखाली येते आणि सोडली की कानापाशी जाऊन बसते. केशरचनाकार आंद्रे वॉकर यांच्या वर्गवारीवरून रूढ झालेल्या १ (सरळ) ते ४ (सगळ्यात बारीक वळी) या प्रकारांत बसवायचं तर पुढून ३सी, मागून ४ए. डोकं एक, बिऱ्हाडं दोन. त्यामुळे ‘तुमचा प्रकार ओळखा आणि अमुक वापरा’ या सल्ल्याचा मला फारसा उपयोग झाला नाही.

माझी मूळ तक्रार होती ती केस वाढत नाहीत ही. वर्षानुवर्षं खांद्यापाशी येऊन अडकलेले. वाढीची तेलं लावून झाली, गोळ्या खाऊन झाल्या. मग एका रविवारी गुंता काढल्यावर कंगव्यातले केस फेकून न देता कागदावर पसरले. मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक अशी पांढरट गाठ असते. बोटांत धरून फिरवली की जाणवते. मी चाळीस केस मोजले, गाठ सापडली अकराच केसांना. बाकीचे नुसते तुकडे होते, काही तर नखाएवढे.

तिथे माझा हिशेब बदलला. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतो, कुरळ्या केसांत वेग थोडा कमी असू शकतो. तरी वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर कुठे जात नाहीत. माझे येत होते, आणि टोकाकडून तितकेच तुटून जात होते. रोज ५० ते १०० केस गळणं सर्वसाधारण धरलं जातं, त्यामुळे ‘गळती’ म्हणून मी जिची धास्ती घेतली होती ती खरी तूट-फूट होती. वाढीच्या तेलाची बाटली त्या दिवशी कपाटात मागे गेली.

तुटण्याचं कारण वळणातच आहे. टाळूतून निघणारा तेलकटपणा सरळ केसावरून आरामात खाली घसरतो. स्प्रिंगसारख्या केसावर तो पहिल्या चार वळणांतच अडकतो. म्हणून मुळं चिकट आणि टोकं कोरडी ठणठणीत, हे दृश्य आपल्याला पाठ असतं. शिवाय प्रत्येक वळण म्हणजे एक नाजूक जागा, आणि मी तर रोज सकाळी कोरडे केस बारीक फणीने खसाखसा विंचरत होते.

तर या नऊ महिन्यांत वापरलं ते असं: सल्फेट (फेस करणारा, तेलकटपणा ओढून काढणारा घटक) नसलेला शाम्पू, घट्ट कंडिशनर, न धुता ठेवायचा कंडिशनर म्हणजे लीव्ह-इन, जेल, डिफ्यूझर (हवेचा झोत पसरवणारं टोपण) लावलेला ड्रायर आणि साटनचा अभ्रा. कंपन्यांची नावं देत नाही. मधे दोनदा बदलल्या, फरक फारसा पडला नाही.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट कंडिशनर, आणि तीही केस मऊ होतात म्हणून नाही. गुंता आता मी फक्त त्याच्यातच सोडवते. स्टुलावर बसते, ओल्या केसांचे सहा भाग करते, पाच चिमट्यांत अडकवते, एक हातात घेते. कंडिशनर इतका की बट शेवाळासारखी निसरडी लागली पाहिजे. मग बोटांनी, टोकाकडून सुरुवात करून दोन-दोन बोटं वर सरकत जायचं. गाठ लागली की ओढायचं नाही. तिच्यावर आणखी थोडा कंडिशनर आणि पाणी घालून अंगठ्याने चोळत ती सैल करायची. पूर्वी गुंता काढताना ‘कट्‌’ असा बारीक आवाज यायचा, तो मला इतका सवयीचा झाला होता की ऐकूही येत नसे. आता आला की हात आपोआप थांबतो. रुंद दातांचा कंगवा शेवटी एकदा फिरवते. पहिल्या आठवड्यात या प्रकाराला पाऊण तास लागला आणि मान अवघडली. हल्ली वीस मिनिटांत होतं. आठवड्यातून एकदाच. कोरड्या केसांना फणी लावणं पूर्ण बंद.

जेलबद्दल माझं मत वाईट होतं आणि ते बदललं. चूक अशी की मी केस टॉवेलने कोरडे करून मग जेल लावत होते. ते ठिबकत असतानाच लावायचं असतं. मुठीत घेऊन टोकाकडून वर दाबलं की पचपच आवाज आला पाहिजे, नाही आला तर पाणी कमी आहे. मग जुन्या सुती टी-शर्टने नुसतं टिपायचं, घासायचं नाही. वाळल्यावर केसांवर कडक पापुद्रा चढतो. पहिल्या दिवशी ताई म्हणाली, “अगं, हेल्मेट काढलं नाहीस वाटतं!” तो पापुद्रा पूर्ण वाळल्यावर तळव्यांनी चुरगाळला की आतून मोकळ्या, मऊ बटा निघतात. पूर्ण वाळल्यावर म्हणजे खरंच पूर्ण. पाण्याने केसांतले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना ज्या आकारात केस असतील त्याच आकारात पुन्हा जुळतात. अर्धवट वाळलेल्या केसांत बोटं घातली की बटा विस्कटतात आणि पिंजारलेल्याच वाळतात. मला हात आवरायला महिना लागला.

हवा फार दमट असली की मात्र हेच जेल घात करायचं. बाटलीमागे पाहिलं तर ग्लिसरीन यादीत दुसरं. ते हवेतलं पाणी ओढतं, केस फुगतात. तशा दिवसांसाठी ग्लिसरीन नसलेलं दुसरं जेल ठेवलंय.

आता फजिती. दुसऱ्या महिन्यात कुणाच्या तरी उत्साही सल्ल्यावरून शाम्पू सोडला आणि नुसत्या कंडिशनरने केस धुऊ लागले. पहिले पंधरा दिवस स्वर्ग. पाचव्या आठवड्यात टाळू खाजायला लागली आणि खांद्यावर कोंडा. त्यातच ‘टाळू कोरडी पडली असेल’ म्हणून मी तेल चोपडलं. कोंड्यामागे बहुतेकदा जी मालासेझिया नावाची बुरशी असते ती तेलकटपणावरच पोसते, हे नंतर कळलं. म्हणजे मी आगीला तूप वाढत होते. शाम्पू परत आणला, आठवड्यातून एकदा, फक्त टाळूला. आणि महिन्यातून एकदा साधा सल्फेटवाला, कारण जेल-कंडिशनरचे थर साचले की कितीही लावा, केस निर्जीवच दिसतात. सल्फेटला पाप मानणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही. केसांवर गुळगुळीत थर देणाऱ्या सिलिकोनचंही तसंच. त्यातलं डायमेथिकोन नुसत्या पाण्याने निघत नाही हे खरं, पण शाम्पू करणाऱ्या बाईला त्याची एवढी भीती कशाला?

दुसरी चूक चौथ्या महिन्यातली. प्रोटीनचा मास्क एकदा लावला, केसांना छान जोर आला, म्हणून दर आठवड्याला सुरू केला. तिसऱ्या खेपेला केस झाडूसारखे राठ झाले, वाकवलं तर वळण घेईनात. बंद केल्यावर सुधारायला तीन धुणी लागली. आता दीड-दोन महिन्यांतून एकदा, पुरे.

तेल मी सोडलं नाही, जागा बदलली. धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल, टाळूला नाही, फक्त लांबीला. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिनरल ऑइल आणि सूर्यफुलाच्या तेलाशी तुलना करून हे दाखवलं होतं. वाढ होते म्हणून नाही, झीज थांबते म्हणून लावते.

साटनचा अभ्रा चांगला, सकाळी मागचे केस नमद्यासारखे झालेले नसतात. पण उशी रात्रभर घसरत राहते. डिफ्यूझर ठीक, घाई असली तरच, मंद आचेवर. केस पाणी किती शोषतो हे ठरवायला तो ग्लासातल्या पाण्यात तरंगतो की बुडतो ते पाहायची चाचणी मी तीनदा केली, तीन वेगळी उत्तरं आली.

मोजमाप असं: डाव्या कानामागची एकच बट, ओली, ताणून, दर महिन्याच्या पहिल्या धुण्याला. सुरुवातीला २४ सेंटिमीटर, आता ३१. मधे फाटे फुटलेली टोकं दोन सेंटिमीटर कापली, म्हणजे नऊ महिन्यांत नऊ. वेग काही वाढलेला नाही, अगदी सर्वसाधारण आहे. गंमत म्हणजे आरशात यातलं जेमतेम निम्मं दिसतं. वाळले की केस आक्रसतात आणि आईला अजून वाटतं मी उगाच बाथरूम अडवून बसते. ओली बट ओढून दाखवली तेव्हा म्हणाली, “मग अशीच ओढून धरून फिर.”

न सुटलेली एक गोष्ट आहे: मानेपाशी एकाच केसाला आपोआप बसणाऱ्या बारीक गाठी. केस वाळताना स्वतःभोवतीच वेटोळे घालतो आणि मोहरीहून लहान गाठ होते. कंडिशनरने सुटत नाही, ओढली तर तिथेच तुटतं. झोपताना सैल, जाड वेण्या घालून पाहिल्या, गाठी कमी झाल्या, थांबल्या नाहीत. वेण्या घट्ट घातल्या तर कानशिलांवरच्या मुळांना ताण बसतो, म्हणून तो मार्ग बंद. सध्या लहान धारदार कात्री आरशाशी ठेवली आहे, गाठ बोटाला लागली की तिच्या जरा वर कापते. काल सात निघाल्या.