होम केअर ब्युरोत केअर असिस्टंट म्हणून आठ महिने

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेले आठ महिने शनिवार-रविवार एका ब्युरोमार्फत घरी जाऊन पेशंट सांभाळते. ब्युरोचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारही लिहिली आहे.

त्याआधी एका ठिकाणी गेले होते. तिथे पहिल्याच दिवशी मूळ मार्कशीट ठेवून घेणार म्हणाले. मी तशीच उठून आले. मूळ कागद मागणाऱ्यांकडे कुणी थांबू नका, काम सोडायची वेळ आली की तेच कागद अडवून धरतात.

इथे झेरॉक्सवर भागलं. हेपॅटायटिस बीची लस झाली आहे का, हे विचारलं. पहिले दोन दिवस एका अनुभवी ताईंबरोबर पाठवलं, आणि त्या दोन दिवसांचे पैसेही दिले. पेशंटला व्हीलचेअरवर घेताना खुर्ची त्याच्या धडधाकट बाजूला लावायची, ब्रेक आधी लावायचे, हे मी वाचलेलं होतंच. पण अर्धांगवायूच्या पेशंटचा भार पहिल्यांदा अंगावर आला तेव्हा माझे पाय कुठे असायला हवेत, ते ताईंनी दाखवलं.

मी या ब्युरोत टिकले ते एका रात्रीमुळे. एका आजोबांच्या मुलाने इन्सुलिनचं पेन माझ्या हातात दिलं. "तू नर्सिंगलाच आहेस ना, मग दे की!" मला डोस वाचता येत होता, इंजेक्शन कसं देतात तेही माहीत होतं. पण त्या घरात मी असिस्टंट होते, नर्स नव्हे. स्पंजिंग, भरवणं, डायपर, कूस बदलणं, युरोबॅग रिकामी करून लघवी किती झाली ते लिहून ठेवणं, एवढंच माझ्या कामाच्या कागदावर होतं. इंजेक्शन आणि रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) त्यात नव्हती. मी सुपरवायझर मॅडमना फोन लावला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. त्यांनी उचलला, स्वतः मुलाशी बोलल्या, आणि इन्सुलिन आजोबांच्या घरातल्यांनीच दिलं. "पोरी, बरोबर केलंस," एवढंच म्हणाल्या. माझी ड्यूटी काढली नाही. हे मला फार मोठं वाटलं.

दुसरी गोष्ट एका आजींची. पाठ पुसताना माकडहाडावर एक चट्टा दिसला, बोटाने दाबला तरी फिका पडेना. बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ही सुरुवात. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून जागा गरम किंवा टणक लागते का, हे हातानेही पाहावं लागतं. तिथे चोळायचं तर अजिबात नाही. मी वहीत लिहून कळवलं, संध्याकाळपर्यंत ब्युरोची नर्स येऊन गेली आणि दर दोन तासांनी कूस बदलायचा तक्ता भिंतीवर लागला. पुढच्या आठवड्यात चट्टा गेलेला पाहिला तेव्हा मला रडू आलं.

आता तक्रार. ड्यूटी रद्द झाली तर आदल्या रात्री उशिरा मेसेज येतो, आणि त्याचा एक पैसाही मिळत नाही. महिन्याचा खर्च त्यावर बसवलेला असतो, मग फार ओढाताण होते. शिवाय "फक्त एकच नाइट कर" म्हणून गळ घालतात. मी एकदा हो म्हणाले. बारा तास जागून सकाळी थेट क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रॅक्टिकलला, गेले आणि श्वास मोजताना दोनदा आकडा चुकला. मिनिटभर नीट मोजायचे असतात ते श्वास! वॉर्डातल्या सिस्टरांनी पुन्हा मोजायला लावलं, ते योग्यच केलं. त्यानंतर क्लिनिकलच्या आदल्या रात्रीची ड्यूटी मी घेत नाही, आणि परीक्षेच्या तारखा सेमिस्टरच्या सुरुवातीलाच लेखी देऊन ठेवते.

जाणार असाल तर आधी कामाची यादी लेखी मागा आणि रात्री फोन कोण उचलतं ते विचारा. मी पुढच्या सेमिस्टरलाही इथेच राहणार आहे. रद्द झालेल्या ड्यूटीच्या पैशांसाठी आम्ही चौघींनी मिळून अर्ज दिला आहे, अजून उत्तर आलेलं नाही.