भरलेलं रताळं नाश्त्याला: ओव्हन, एअर फ्रायर, कुकर की तवा?

सकाळी सातला ओव्हन लावायचा आणि पावणेआठला डबा घेऊन घराबाहेर पडायचं, असा बेत असेल तर भाजलेल्या रताळ्याच्या नादी लागू नका. पोहे करा. पोहे भिजवण्यापासून वर खोबरं-कोथिंबीर भुरभुरेपर्यंत वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात ओव्हनमधल्या रताळ्याचा गाभा कच्चाच असतो. माझ्या ओळखीत ज्यांनी हा पदार्थ एकदा करून सोडून दिला, त्यातल्या कुणाचीच तक्रार चवीबद्दल नव्हती. सगळ्यांचं भांडण घड्याळाशी होतं.

म्हणून ‘कशात भाजू?’ या प्रश्नाआधी ‘कधी भाजू?’ हे ठरवलेलं बरं. आदल्या रात्री भाजणार असाल तर ओव्हन किंवा एअर फ्रायर. सकाळीच करायचं असेल तर तवा किंवा कुकर. बाकीचं सगळं या दोन ओळींच्या पोटातलं आहे, पण त्यात फरक बरेच आहेत आणि ते ताटात कळतात.

गोडी कुठून येते

कच्चं रताळं चावून बघा, फारसं गोड नसतं. त्यात असतं पिष्ट. त्याची साखर करणारं विकरही (एन्झाइम), म्हणजे बीटा-अमायलेज, रताळ्याच्या आतच असतं. गाभा साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसला असतो तेव्हा हे विकर जोरात काम करतं आणि पिष्टाचं माल्टोज, म्हणजे एक प्रकारची साखर, बनवतं. त्याच्या वर तापमान गेलं की हळूहळू ते निकामी होतं. म्हणजे रताळं त्या मधल्या टप्प्यात जितका वेळ रेंगाळेल तितकं गोड.

ओव्हनमध्ये उष्णता बाहेरून आत सावकाश सरकते, त्यामुळे विकराला भरपूर वेळ मिळतो. मायक्रोवेव्हमध्ये तेच रताळं सहा-सात मिनिटांत तो टप्पा ओलांडून जातं. शिजतं, पण उकडलेल्या बटाट्याच्या चुलत भावासारखं लागतं. एकाच पिशवीतली दोन रताळी दोन्ही पद्धतींनी करून घरच्यांना न सांगता वाढून बघा. दुसरं कुठल्या दुकानातून आणलं म्हणून विचारतील.

ओव्हन आणि एअर फ्रायर

ओव्हनसाठी २०० ग्रॅमच्या आसपासची, पोटाला जाड रताळी घ्या. माती जाईपर्यंत चोळून धुवा, पुसा, काट्यानं चार-पाच ठिकाणी टोचा, तेलाचा हात लावा आणि २०० अंशांवर ५० मिनिटं ते तासभर ठेवा. टोचायला विसरलात तर साल फुटू शकते. फॉइलमध्ये गुंडाळू नका. आतली वाफ कोंडून साल ओली पडते, आणि ओल्या सालीत सारण भरायला गेलं की ती हातातच फाटते. फॉइल वापरायचंच तर ट्रेवर अंथरा. टोचलेल्या भोकांतून काळपट पाक गळतो आणि तो ट्रेवर करपून बसतो. पहिल्या वेळी मी ट्रे तसाच ठेवला होता, मग दोन दिवस तो पाण्यात भिजत होता. पण हा पाक दिसला की समजायचं, काम झालं. साल गरापासून सुटून सैल पडते आणि सुरी लोण्यात गेल्यासारखी आत जाते.

विजेचा हिशोबही बघा. १५०० वॉटचा ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा ओव्हन, मधूनमधून आपोआप बंद-चालू होतो, तरी तापवण्यापासून तासाभरात एक युनिटाच्या आसपास वीज खातो. एका रताळ्यासाठी हा उधळेपणा आहे. सहा-आठ एकदम भाजणार असाल तरच ओव्हन लावा.

दोघांचंच घर असेल तर मी एअर फ्रायरच्या बाजूने मत देईन. १९० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. गोडी ओव्हनच्या जवळपास, वीज कमी आणि साल मात्र ओव्हनपेक्षा सरस. कुरकुरीत, खावीशी वाटणारी. खोट एवढीच की टोपलीत दोन-तीनच मावतात आणि एकावर एक रचली तर खालची कच्ची राहतात.

कुकर

कुकरला नाकं मुरडू नका. तळाला पाणी, त्यावर कोरड्या भांड्यात रताळी, दोन शिट्या आणि मग वाफ आपोआप जिरू द्यायची. रात्री काही केलेलं नसताना हाच मार्ग सर्वांत भरवशाचा. शिवाय उकडलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स भाजलेल्यापेक्षा कमी असतो, म्हणजे साखर रक्तात त्या मानाने सावकाश चढते. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर ही गोष्ट गोडीपेक्षा मोठी. भाजलेलं द्यायचं तर अर्धंच द्या, आणि ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर बघून ठरवा.

अडचण सालीची. कुकरमधली साल ओली, पातळ, जागोजाग तडकलेली. तिची वाटी होत नाही. त्यावर उपाय म्हणजे उकडून निवलेलं रताळं उभं चिरून लोखंडी तव्यावर थोड्या तुपात साल खाली ठेवून पाच-सात मिनिटं तापवायचं. साल घट्ट होते, सारण पेलते.

तवा: सकाळचा खरा मानकरी

मला स्वतःला सकाळी करायची झाली तर ही पद्धत आवडते. लहान, सडसडीत रताळी उभी दोन भागांत चिरायची. तव्यावर चमचाभर तूप, त्यात चिरलेली बाजू पालथी, वर झाकण, आच मंद. पंधरा मिनिटांनी एक फोड उचलून बघा. कडांना तांबूस-तपकिरी रंग चढलेला असतो, मध्ये अजून फिकट. आणखी पाच मिनिटांत तो रंग मध्यापर्यंत पोचतो आणि स्वयंपाकघरात जळक्या गुळासारखा वास सुटतो. त्याच क्षणी उलटायचं, नाहीतर पुढच्या दोन मिनिटांत करपतं. मग साल खाली ठेवून पाच मिनिटं.

याला काटेकोरपणे ‘भरलेलं’ म्हणता येणार नाही, सारण वरच बसतं. पण तुपात भाजलेला तो पृष्ठभाग ओव्हनमध्ये मिळत नाही.

राहता राहिली आगटी. हुरडा पार्टीला गोवऱ्यांच्या धगीत पुरलेलं रताळं ज्यानं खाल्लंय, त्याला वरच्या चारही पद्धती नकलाच वाटणार. राखेतून काठीनं ओढून काढलेलं, बाहेरून कोळशासारखं काळं, हातात धरवत नाही म्हणून या हातातून त्या हातात उडवत फोडायचं, आणि आतून वाफ. रायगडकडच्या पोपटीतही, म्हणजे मडक्यात भरून जाळावर शिजवायच्या बेतात, वालाच्या शेंगांबरोबर, भांबुर्ड्याच्या पाल्यात रताळी शिजवतात. शहरातल्या ओट्यावर याची बरोबरी होणार नाही, तेव्हा तुलनेत हिला धरत नाही.

लाल सालीचं की नारिंगी गराचं?

आपल्याकडे आषाढी आणि महाशिवरात्रीला बाजारात ढीग लागतात ते लाल साल, पांढरा गर असलेल्या रताळ्यांचे. पुण्याच्या मंडईत करमाळ्याकडचं गावरान लहान आणि गोड, तर बेळगावकडचं आकाराने मोठं. तव्यासाठी गावरान, भरण्यासाठी बेळगावचं, इतकी सोपी वाटणी मी करून ठेवली आहे. पांढरा गर भाजल्यावर शिंगाड्यासारखा पिठूळ होतो, आकार धरतो, सारण पेलतो.

नारिंगी गराचं रताळं ओलसर, मऊ, किंचित गाजर-भोपळ्याच्या चवीचं. त्यात बीटा-कॅरोटीन भरपूर, ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं. पांढऱ्यात ते नावालाच असतं. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेनं ‘भू सोना’ नावाचं नारिंगी वाण काढलं आहे. मिळालं तर जरूर घ्या, पण त्यावर तूप हवंच, कारण कॅरोटीन स्निग्धाबरोबरच अंगी लागतं. अमेरिकेतल्या दुकानांत हेच नारिंगी रताळं ‘याम’ म्हणून विकतात. खरा याम म्हणजे वेगळाच कंद. तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना घरची चव हवी असेल तर आशियाई दुकानातलं जांभळ्या सालीचं, पिवळट गराचं जपानी रताळं जवळचं.

गंमत म्हणजे ‘बटाटा’ हा शब्द मुळात रताळ्याचा. पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून तो इकडे आला आणि मराठीत दुसऱ्याच कंदाला चिकटला. पोर्तुगीजमध्ये रताळ्याला अजूनही ‘गोड बटाटा’ म्हणतात.

कच्ची रताळी फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीनं गाभा दडस होतो आणि कितीही भाजलं तरी मऊ पडत नाही. टोपलीत, अंधारात, हवेशीर.

आत काय भरायचं

२०० ग्रॅमच्या रताळ्यातून साधारण १८० कॅलरी मिळतात आणि प्रथिनं जेमतेम तीन-चार ग्रॅम. नुसतं खाल्लं तर अकराला पोट ओरडायला लागतं. सारण चवीपुरतं नसून पोटासाठी आहे, हे धरून निवड करा.

पाककृतींमध्ये सर्रास दिसणारं गोड सारण, म्हणजे ओलं खोबरं, गूळ, वेलची, हे मी स्पष्टच नापसंत करते. मोदकात ते छान लागतं, कारण बाहेरची उकड अळणी असते. रताळ्यात गोडावर गोड होतं, तिसऱ्या घासाला कंटाळा. मध, दालचिनी, केळं या मंडळींचंही तेच. मुलं हट्टच करत असतील तर निदान वर चिमूटभर मीठ आणि भाजलेले दाणे घाला.

रताळ्याला आंबट आणि तिखट हवं. माझं पहिलं मत दही-कुटाला. दही फडक्यात तासभर टांगून घट्ट करायचं. रात्री टांगलं तर चक्काच तयार. त्यात मीठ, ठेचलेली हिरवी मिरची, दाण्याचं जाडसर कूट. बारीक कूट घातलं तर त्याचा लगदा होतो. रताळं उभं चिरायचं, पण खालपर्यंत नाही. दोन्ही टोकं आतल्या बाजूला दाबली की ते आपसूक उमलतं. आतला गर काट्यानं मोकळा करून त्यातच थोडं मीठ आणि तूप मुरवायचं. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग वरचं सारण चविष्ट, खालचा गर सपक अशी गत होते. मग दही-कूट, आणि शेवटी तुपात तडतडलेलं जिरं वरून ओतायचं. थंड दह्यावर गरम फोडणी पडली की जो चर्रकन आवाज येतो, त्याला घरातले झोपलेलेही उठतात. हे उपासालाही चालतं. कोथिंबीर घालायची की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, त्यात मी पडत नाही.

उपास नसेल तर दोन अंड्यांची भुर्जी. बारा ग्रॅम प्रथिनं, पाच मिनिटांचं काम. कांदा भरपूर आणि टोमॅटो कमी ठेवा, नाहीतर पाणी सुटतं. अंडी न खाणाऱ्यांनी रात्रीची मटकीची उसळ रस आटवून वापरावी, वर कच्चा कांदा आणि लिंबू. पनीरची भुर्जीही चालते, पण ती रताळ्यासारखीच मवाळ असते. दोन मऊ माणसांचं लग्न लावल्यासारखं वाटतं, त्यात ढोबळी मिरची तरी कुरकुरीत ठेवा.

मी काय करते

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर सहा रताळी ओव्हनमध्ये टाकते. भांडी आवरून होईपर्यंत भाजून होतात. निवली की सालीसकट डब्यात घालून फ्रिजमध्ये. कच्च्याला मनाई असली तरी शिजलेल्याची जागा फ्रिजच, बाहेर रात्रभर राहू देऊ नका. सकाळी तव्यावर झाकण ठेवून दहा मिनिटं. घाई असेल तर मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं, कारण साखर रात्रीच तयार झालेली असते आणि आता नुसतं तापवायचं असतं. साल मऊ राहते, तेवढं चालवून घ्यायचं.

बुधवारपर्यंत एखादं उरतंच, आणि तोवर ते आक्रसून सुरकुतलेलं असतं. त्यात भरण्यासारखं काही राहत नाही. साल काढून कुस्करा, गूळ आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळा आणि घाऱ्या तळा.